चपटं की सहाबारी

वैशाख व. ४, शके १८६०. किन्हवली

गोंद्या तुरुंगातनं सुटला. शेजारच्या तुकारामानं शहापूरच्या बाजारात बघितला. सहा वर्षं भरली म्हणे. मला दोनच झाल्यासारखी वाटतात. आमच्याकडं दरोडा पडला तेव्हा सगळ्यांची तोंडं बांधलेली, पण "चावी कुठं गो?" म्हणाला तो आवाज गोंद्याचा, हे कोर्टात मी सांगितलं. पिंजऱ्यातनं माझ्याकडं बघून बोलला, "पाटलीणबाय, बाहेर आलो का बघतो." तेव्हा मालक होते. आता नायत. घरात मी आणि धाकटी जाऊ सखू.

दुनळी बंदूक आहे. मालकांमागं परवाना माझ्या नावावर झाला. भातातली डुकरं मीच हाकलते. म्हणून तशी भीती नाय.

वैशाख व. ७

खोटं लिहिलं वर. भीती आहे.

शेतावरनं बैलगाडीनं येत होतो. वळणाला करवंदीत खसखस झाली. मी दुनळी उचलली तर नळी गाडीच्या तट्ट्यात अडकली. ओढते तर निघंना. तेवढ्यात जाळीतनं म्हैस आली. सखू हसून हसून गाडीत आडवी. "गोंद्या म्हैस असता तर बरं झालं असतं गो बाय." हसायला काय होतंय तिला. आवाज तिनं ओळखला नव्हता, मी ओळखला.

दुसरं हत्यार पायजे. लहान. अंगाजवळ राहील असं.

वैशाख व. १२. शहापूर

मामलेदार कचेरी. दोन तास बाकावर. कारकून अर्ज बघतो, मला बघतो. "बाई, घरात पुरुषमाणूस नाही का?"

म्हटलं, "असता तर तुमच्या दारात बसले असते का? अर्ज आत न्या."

आतनं साहेब हसले. जुन्या खटल्याचे कागद काढायला सांगितले. ठाण्याला कलेक्टरसाहेबांना लिहितो म्हणाले. लिहितील तेव्हा खरं.

श्रावण व. ६

परवानगी आली! एक पिस्तूल नायतर रिव्हॉल्वर, काय ते एक. घेतलं का नंबर कचेरीत नोंदवायचा. कागद देव्हाऱ्यात ठेवला. आज पोटभर जेवले.

गोंद्या इकडं फिरकला नाय. बहिणीकडं वैशाखरे गावाला असतो म्हणतात.

भाद्रपद शु. १३. मुरबाड

इथं मालकांच्या ओळखीचे जुने फौजदार राहतात, पेन्शनीत आलेले. (पुढं फौ. लिहीन.) मला वहिनी म्हणतात. त्यांच्याकडं दोन आहेत, त्यातलं एक देणार. दोन्ही बाजेवर मांडली.

एक सहाबारी. जड, काळं, मधी फिरकी, तिच्यात सहा गोळ्या. दुसरं चपटं. हलकं, तळहातात मावतं. बार झाला का वरची पट्टी आपोआप मागं जाऊन पुढची गोळी आत घेते. सखू म्हणाली, "ही तर तपकिरीची डबी." फौ.ना राग आला.

घराच्या मागं बांधावर मडकी ठेवली. सहाबारीचा चाप घट्ट, माझं बोट कमी पडलं. सहात दोन लागली. चपट्यानं पाचात चार.

फौ. म्हणाले, "सहाबारी घ्या, वहिनी. चपट्याचे नखरे फार."

म्हटलं, "नखऱ्याचं मी बघते. मडकी फुटली का नाय?" चपटं घेतलं.

भाद्रपद व. ३

कचेरीत नंबर नोंदवला. आता ठेवायचं कुठं? कनवटीला खोचलं तर घसरतं. बटव्यात ठेवलं तर नाडी सोडेस्तोवर समोरचा घरी जाऊन जेवून येईल. सखूनं जाड कापडाची पिशवी शिवली, वरनं उघडी, खांद्यावरनं पदराखाली. हात थेट आत जातो. झोप बरी लागते.

आश्विन शु. ९

खंडेनवमी. अंगणात सगळं धुऊन मांडलं. कोयते, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, दुनळी. मधी चपटं. नवीन आलेलं, त्याला मान जास्त. तेल लावलं, हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडू. माझ्याच हातानं. भरपूर. मनात म्हटलं, वेळेला धाव रे बाबा.

आश्विन शु. १२

सकाळी ओढ्यावर गेलो, दोन बार काढून बघू म्हणून. पहिला झाला. दुसऱ्याला काय नाय. वरची पट्टी अर्ध्यात अडकलेली. पुढं जाईना, मागं येईना. दगडावर आपटणार होते, सखूनं हात धरला. "बाय, गोळी आहे त्याच्यात!"

तिथंच बसले. समोर ओढाच होता म्हणून. गोंद्या असता तर?

आश्विन शु. १४. मुरबाड

फौ.नी चपटं खोललं, पितळी ताटात एकेक भाग ठेवला. आतनं काय निघालं? तेलात कालवलेलं हळदीकुंकू, लगद्यासारखं. आणि एक तांदूळ. अख्खा, टिंग करून ताटात पडला. फौ. चष्मा कपाळावर घेऊन माझ्याकडं बघत बसले.

"वहिनी, पूजा केलीत?"

"मग? खंडेनवमीला हत्यार तसंच ठेवू?"

दुनळीला वीस वर्षं कुंकू लावतो, तिला कधी काय झालं नाय. ती साधी. मोडली, गोळी घातली, मिटली. ह्याची आतडी बारीक.

फौ. म्हणाले, "मग पुढच्या वर्षी ह्याला नुसता नमस्कार करा."

म्हटलं, "पूजा नाय सोडणार. हत्यार बदलते."

लई हसले. मग सहाबारी काढलं. ह्याच्यात एक गोळी नाय उडाली तरी परत चाप ओढायचा, फिरकी पुढची आणते. माझं बोट कमी पडतं म्हटल्यावर त्यांनी दाखवलं. आधी अंगठ्यानं घोडा मागं ओढून ठेवायचा, मग चाप नुसता टेकला तरी बार. दोन्ही हातांनी धरायचं. हे भाद्रपदात का नाय सांगितलं? "तुम्ही ऐकत होतात का?" म्हणाले. खरं आहे ते.

सहात पाच!

कुंकू मुठीच्या लाकडाला एक बोट. अक्षता बाजूला, पाटावर. एवढं कबूल केलं. सखूनंही. तिचा हात माझ्यापेक्षा सैल.

चपटं परत दिलं. सहाबारी फौ.कडंच. नंबर बदलून कागद आला का घेऊन जायचं.

आश्विन व. १. शहापूर

परत तोच कारकून. "आता काय झालं?" म्हटलं, "तांदूळ अडकला." त्याला वाटलं मी थट्टा करते. पंधरा दिवस लागतील. लागू देत. ओढ्यावर कळलं, वेळेला नाय कळलं, हेच लई झालं.

आश्विन व. ६

गोंद्या भेटला.

भर सकाळी, बांधावर. मी एकटी, सखू विहिरीवर. पिशवी खांद्याला होती, सवयीनं. हात आत गेला. आत सुपारी आणि अडकित्ता. कागद कुठं आलाय अजून.

ओळखला नसता. गालफडं बसलेली, केस पांढरे, खोकतोय. बांधाखाली उतरून उभा राहिला, मला वाट दिली. "पाटलीणबाय, राम राम." आवाज तोच.

मी विचारलं, "बघायला आलास?"

म्हणाला, "कापणीला माणूस लागल तर सांगा. बहिणीकडं किती दिवस खाऊ."

"बघते," म्हटलं. तो गेला. मी पिशवीतला हात काढला तर अडकित्त्याचा वळ उठलेला बोटांवर. अंगावरनं धोंडा उतरला. घरी येऊन दोन कप चहा घेतला.

आश्विन व. ७

सखू म्हणते, बोलवा, हातात विळा दिला का समोर तरी राहील. तुकाराम म्हणतो, येडी झालीस का पाटलीण. परवा कापणी, माणसं चार कमी. आज गोंद्याच्या बहिणीच्या पोराकडनं निरोप आला, मामा विचारतो यायचं का.

पोराला ओटीवर बसवलाय. भाकरी खातोय. तो उठेपर्यंत काय ते सांगायला पायजे.