बुटकी, शहाणी आणि डावा पाय

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भिंगोबाचं डोकं फिरलंय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. मी स्पोर्ट्स कार घेतोय. नवी नाही, वापरलेली. आणि शोभेला नाही, रोज दुकानात जायला-यायला. वीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवतोय, आता एकदा स्वतःच्या मनासारखं करू दे.

दोन गाड्या नजरेत आहेत. दोन्ही जपानी, आणि दोन्ही कंपन्यांचं आपसात विळ्याभोपळ्याएवढं सख्य. एक ती जमिनीला चिकटलेली, जिचं चित्र मी शाळेत असताना कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं. तिला आपण बुटकी म्हणू. दुसरी पळायला तेवढीच, पण दिसायला सभ्य. ती शहाणी. दोन्ही तुझ्या गावातल्या त्या शोरूममध्ये उभ्या आहेत, जिथला विक्रेता तुझ्याच हाताखाली गाडी शिकलाय.

बाबांना विचारलं तर त्यांनी घरच्या नियमावर बोट ठेवलं. मोठी खरेदी असेल तर थोरल्याचं लेखी मत हवं, आणि मत देणाऱ्याने ती वस्तू तीन दिवस स्वतः वापरलेली हवी. फोनवर माणूस होला हो करतो, कागदावर खोटं लिहिताना हात अडखळतो, हे त्यांचं पालुपद तुला पाठच आहे. फ्रीजपासून माझ्या दुकानाच्या गाळ्यापर्यंत सगळी मतं त्या निळ्या फाईलमध्ये आहेत. तेव्हा ड्रायव्हिंग शाळेच्या बाईसाहेब, आता तुमचा नंबर.

आणि एक. बाबा तोंडाने काही बोलत नाहीत, पण चौतीस वर्षं बस हाकलेल्या माणसाला रविवारी सकाळी तासभर अशी गाडी हातात मिळणार, म्हणून आत्तापासून बूट पुसायला लागलेत. त्यामुळे त्यांनाही झेपेल अशी सांग.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगोबा

---

१५ जून

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही गाड्या चालवल्या. तीन-तीन दिवस. घे तुझं मत.

शहाणी आधी. आत शिरायला कसरत नाही, दार उघडा आणि बसा. मागचं नीट दिसतं. मागच्या सीटवर दोन माणसं खरोखर बसतात, नुसती कोंबली जात नाहीत. गतिरोधकावरून मी तिरकी न करता, सरळ नेली, पोटाला घासली नाही. डिकीत भाजीच्या तीन पिशव्या आणि माझी शिकाऊ चालकाची पाटी मावली. बाजाराच्या गर्दीत पाऊण तास मुंगीच्या पावलाने नेली, तरी क्लचने त्रास दिला नाही. गिअर आपणहून पडतात म्हणावं इतके सुरेख. रिकाम्या रस्त्यावर दाबली तर मात्र अंगात येतं तिच्या. मला हसूच फुटलं, शेजारी कोणी नव्हतं म्हणून बरं.

बुटकी पण छान आहे. वळणावर रूळ टाकल्यासारखी जाते. बसायला जरा खाली आहे, पण सवय होते. क्लच म्हणशील तर लोण्यासारखा. बाबा एका पायाने नाही, एका अंगठ्याने चालवतील.

रोजच्या वापराला दोन्ही चालतील, पण तुझा जीव बुटकीत आहे हे मला तुझ्या अक्षरावरूनच कळतं. तीच घे. मन मारून घेतलेली गाडी रोज दारात टोचत राहते.

इकडे सगळं ठीक. काम भरपूर. माझी काळजी करू नकोस, मी अगदी ठणठणीत आहे.

बाबांना नमस्कार, आणि तुला नेहमीसारखा एक धपाटा.

तुझी,
ताई

---

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या पत्रात बुटकीचं कौतुक लिहून तुझे कान किटवले होते. आज लिहायला बसलोय तर कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. बाबांना लागलेलं नाही, हे आधी वाच.

खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यातच माझी पोटरी भरून यायला लागली होती. क्लच मला जड वाटला. पण फाईलमध्ये तुझं मत होतं, लोण्यासारखा. तू दिवसातून आठ तास गाडीत असतेस, मी आठ तास खुर्चीत. मग मीच आळशी, मलाच सवय नाही, असं म्हणून गप्प बसलो.

रविवारी बाबांनी गाडी घेतली. तासभर मस्त फिरवली. सपाट रस्त्यावर असे खुलले होते की पोस्ट ऑफिसच्या वळणावर शिट्टी घातली. परत येताना आमच्या पार्किंगचा चढ लागला. पुढे शेजारणीची गाडी थांबलेली, म्हणून यांना मध्यावर थांबावं लागलं. क्लच दाबून धरला होता, आणि मी शेजारून बघत होतो, त्यांचा डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडत होता. मग पाय सुटला, इंजिन बंद पडलं, गाडी मागे घरंगळली आणि फाटकाच्या खांबावर आदळली. मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. त्याचं काही नाही गं. बाबा खाली उतरले, खांबाला हात लावला, आणि म्हणाले की त्यांचा पाय संपला.

त्यांच्या लायसन्सचं नूतनीकरण या महिनाअखेर आहे. ते करणार नाही म्हणतात. परत करण्याचा अर्जही लिहून टेबलावर ठेवलाय, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, क्लच जड आहे, माझीही पोटरी दुखते. तर त्यांनी निळी फाईल उघडून तुझं पत्र माझ्यापुढे धरलं. म्हणाले, पोरगी चोवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, तिला लोण्यासारखा लागतो, म्हणजे दोष गाडीत नाही. माझीच चूक, चढ लागायच्या आधीच मी चाक हातात घ्यायला हवं होतं.

काल नाक्यावर वाणसामान आणायला चालत गेले. बसथांब्यावर बस थांबली तर तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. ताई, मला ते बघवलं नाही. तू काहीतरी लिही त्यांना. तुझं ऐकतात.

तुझाच,
भिंगोबा

---

१४ जुलै

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. काही गाळू नकोस. फोन चार वेळा हातात घेतला आणि चारही वेळा ठेवला. कागदावर हात अडखळतो म्हणतात ना बाबा? माझा गेल्या महिन्यात अडखळला नाही. आज अडखळतोय.

बुटकी मी तीन दिवस चालवली नाही. चारशे पावलंही चालवली नाही. शोरूममधून काढली, कोपऱ्यावरच्या सिग्नलला चढ होता, तिथे थांबले, आणि माझ्या डाव्या गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यापुढे काजवे चमकले. क्लच दाबलेला राहीना. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तीनदा. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेवटी शेजारी बसलेला तो विक्रेता, माझा विद्यार्थी, त्याने उतरून मला अदबीने पलीकडच्या सीटवर बसवलं आणि गाडी परत नेली. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडघा दीड वर्षापासून गेलाय. कोणालाही सांगितलेलं नाही. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, आणि शिकणारा घाबरला की ते मलाच दाबावे लागतात. शाळेत कळलं तर गाडी काढून घेऊन मला कचेरीत अर्ज तपासायला बसवतील. आता मी शिकणाऱ्यांना सपाट मैदानातच जास्त फिरवते. गेल्या महिन्यात एका बाईला वेळेत थांबवता आलं नाही, तिने कचऱ्याचा डबा उडवला. डब्याच्या जागी माणूसही असू शकला असता. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

क्लच जड आहे असं लिहिलं असतं, तर तू विचारलं असतंस की तुला कसा जड लागला, पायाला काय झालं. त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी लोणी लिहिलं. वर तुझ्या जिवाचं नाव पुढे केलं. तू स्पष्ट लिहिलं होतंस की बाबांनाही झेपेल अशी सांग. तरी मी अंगठ्याचा विनोद केला. तो विनोद आता मला रात्रंदिवस खातोय.

बाबा, तुमचा पाय संपलेला नाही. संपलाय माझा. तुम्ही तासभर ती गाडी चालवलीत, मला चार मिनिटं जमली नाहीत. तो अर्ज फाडा. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तुम्ही स्वतःला मोडीत काढू नका, एवढं मागते. नंतर मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

भिंगोबा, खांबावर गाडी मी घातली, तू नाही.

तुम्हा दोघांची,
ताई

---

२१ जुलै, सोमवार

चि. कंडक्टर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भावाने वाचून दाखवलं. मध्येच त्याचा चष्मा ओला झाला, मग उरलेलं मी वाचलं.

मला राग आला. उगाच गोड बोलत नाही. गुडघ्याचा नाही, कागदाचा. आपल्या फाईलमध्ये खोटा कागद पहिलाच. तो मी काढलेला नाही. त्याच्यावर तुझं हे पत्र टाचून ठेवलं आहे. दोन्ही एकत्र राहू देत.

आता माझं ऐक. चढावर थांबलं की आधी हँडब्रेक, मग बाकीचं. हे तुला मी शिकवलं, तू सात वर्षांची असताना, डेपोत, कंडक्टरची पिशवी गळ्यात घालून माझ्या मांडीवर बसायचीस तेव्हा. त्या रविवारी मी स्वतः हँडब्रेक ओढला नाही. शेजारीण बघत होती, म्हणून ऐट मारत पायावरच गाडी धरून ठेवली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पाय संपला म्हणणं सोपं होतं. तेव्हा खोटेपणात बापलेक सारखेच निघालो. खांबाचा वाटा निम्मा निम्मा घेऊ.

तुझं पत्र वाचून खाली गेलो आणि उभ्या बुटकीचा क्लच मोजून चाळीस वेळा दाबला. जडच आहे. माझ्या जुन्या बसचा आठवला, तोही असाच होता, फरक इतकाच की तेव्हा मी तिशीत होतो. अर्ज फाडला. लायसन्सचं काम गुरुवारी आहे, डोळे तुझ्या भावाने तपासले. फुकट.

त्याच्या दुकानाचं गिऱ्हाईक असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे शहाणीच्याच जातीची गाडी आहे. त्यांच्याकडून ती तीन दिवसांसाठी मागून घेतली. नियम म्हणजे नियम, आणि या खेपेला मत मी देणार. काल आणि आज चालवली. बाजारात नेली, चढावर मुद्दाम दोनदा थांबवली, हँडब्रेक ओढून. बसायला-उठायला कोणाचा हात लागत नाही. पळते म्हणशील तर, शिट्टी घालायचं राहिलं, इतकं लक्ष रस्त्यावर ठेवावं लागलं. तुझा भाऊ बुटकी विकायची म्हणतोय. मी म्हटलं, थांब, तिसरा दिवस व्हायचा आहे.

तिसरा दिवस शुक्रवार, दातांचे डॉक्टर तेव्हा गाडी पुन्हा देणार आहेत. तुझ्या गावी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दहाची. शाळेत खरं काय ते तू स्वतः सांगायचंस, शुक्रवारच्या आधी. तो कचऱ्याचा डबा मला दोन दिवस झोपू देत नाहीये. कचेरीत बसावं लागलं तर बस. मीही एक दिवस बसमधून उतरलोच की.

नऊ वाजता दारात उभी राहा. गाडी मी चालवणार. तू शेजारी बसायचंस. तुझ्या बाजूला ना क्लच आहे ना ब्रेक. पाय सैल सोडून बस.

बाबा