फणसांमधून वळेल असा

आप्पा, आज मी एक ट्रॅक्टर बघून आलो. हा शब्द तुमच्या कानावर कधी पडला नसेल. नांगर ओढणारी मोटार समजा. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा साहेब बंगला मोडून विलायतेला निघालाय, हल्ली सगळेच निघालेत, आणि बंगल्यामागच्या बागेसाठी आणवलेला हा ट्रॅक्टर त्याला इथेच सोडून जायचा आहे. म्हशीच्या पाठीपेक्षा उंच नाही. पेट्रोलवर सुरू होतो आणि तापला की रॉकेलवर चालतो. साहेबाच्या ड्रायव्हरने मला तो आंब्याच्या झाडांमधून फिरवून दाखवला. मी खिशातून सुतळी काढून आधी दोन चाकांमधलं अंतर मोजलं, मग वळताना त्याला किती जागा लागते ते मोजलं, आणि प्रत्येक मापाला सुतळीला गाठ मारली. ड्रायव्हर हसला. म्हणाला, "काय मास्तर, पोरीला स्थळ बघाय आल्यागत बघालाय की!" मी हसलो नाही. आधी माप घ्यावं, मग जीव जडू द्यावा, एवढी एकच गोष्ट मी तुमच्यामुळे शिकलो, आणि तीसुद्धा तुम्ही शिकवली नव्हतीत.

जमीन तुमची नव्हती, हे आधी लिहून टाकतो. तुमच्या हयातीत कुणी ते तोंडावर बोललं नाही आणि तुम्ही मात्र दिवसातून दहा वेळा ते ऐकत होतात. कणकुंबीच्या अलीकडची ती चार एकर उतरण आईच्या वडिलांची. आई एकुलती एक, म्हणून तुम्ही चिकोडीकडच्या काळ्या रानातून या झाडीत घरजावई होऊन आलात. तुमच्याकडे नजर पोचेल तिथवर सपाट शेत, आणि इथे दोन फणसांच्या मध्ये एक वाफा, तो संपला की बांध, मग भिरंडाचं झाड, मग पुन्हा वाफा. आई त्या झाडांना नुसती झाडं म्हणत नसे. कुठल्या फणसाचे गरे कापे, कुठल्याचे बरके, कुठल्याच्या आठळ्या आखाडापर्यंत टिकतात, हे तिला पाठ होतं. आखाडात घरातला तांदूळ तळाला जायचा तेव्हा राखेत पुरून ठेवलेल्या आठळ्या उकडून आम्ही जेवायचो. तुम्हीही जेवायचात, पण तोंड वाकडं करून. "ही काय माणसाची जेवणं?" असं म्हणायचात.

आमच्या जुन्या बैलांपैकी एक थंडीत मेला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पलीकडच्या वाडीतल्या म्हाताऱ्याकडे बुटक्या काळ्या बैलांची जोडी होती, आणि त्याचा मुलगा लोंढ्याला रेल्वेत लागल्यामुळे म्हाताऱ्याला ती विकून टाकायची होती. आई म्हणाली, "तीच आणा. झाडांतनं वळंल असं जनावर पायजे आपल्याला." तुम्ही मला घेऊन बघायला गेलात. मला तो दिवस नीट आठवतो, कारण पुढे मी तो फार वेळा आठवला. तुम्ही अंगणाच्या कडेला उभे राहिलात, बैलांकडे लांबूनच एकदा पाहिलंत, म्हाताऱ्याने दिलेलं पाणी प्यालात आणि निघालात. जवळ गेला नाहीत, दात बघितले नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाहीत. आणि घरी येऊन आईला सांगितलंत, "उजव्या बैलाच्या पाठीवर केसांचा खोटा भोवरा हाय. असलं जनावर दारात आलं तर घरधनीण जाती. तुझ्यासाठनंच सोडली जोडी."

आप्पा, मी तुमच्या शेजारी उभा होतो. भोवरा कुणी बघितलाच नाही. बारा वर्षांच्या पोराला बाप खोटं बोलतोय हे कळतं, फक्त का बोलतोय ते कळत नाही. आईने मात्र त्या जोडीचा हट्ट सोडला. तुम्ही तिच्याच जिवाचं नाव काढलं होतंत.

मग शिमग्याच्या आधी आपण दोघं चिकोडीच्या बाजाराला गेलो. तिथे तुमचे दोन थोरले भाऊ आधीच येऊन थांबले होते, म्हणजे ठरवून आला होतात. मला आजही ते उन्हात उभे दिसतात, पांढरे फेटे, पायात करकरीत चपला. तुम्ही बुटक्या जोड्यांच्या रांगेकडे थोडा वेळ रेंगाळलात, हेही मला खरं सांगितलं पाहिजे. रेंगाळलात. तेवढ्यात थोरले काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डोंगरात गेलास ते गेलास, आता शेरडं जुंपतोस व्हय रं?" आजूबाजूचे हसले. तुमच्या मानेची शीर वर आली. घटकाभरात खिलारी जोडी आपली झाली होती. पांढरीशुभ्र, उंच, शिंगं आभाळात गेलेली. काकांनी त्यांना गुलाल लावला आणि पहिल्यांदाच तुमच्या पाठीवर थाप मारली. सहा मुक्काम करत आपण ती जोडी बेळगावावरून, जांबोटीच्या रस्त्याने घरी चालवत आणली. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक थांबून बघत होते, आणि मी तुम्हाला त्या सहा दिवसांएवढं आनंदी पुन्हा कधी बघितलं नाही. तो आनंद तुम्हाला मिळायला नको होता असं मी म्हणत नाही, पण त्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली.

दारात जोडी आली तेव्हा आईने पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि मान वर करून शिंगांकडे बघत विचारलं, "अवो, ही वळायची कुठं?"

वळलीच नाहीत. पावसाआधीच्या धूळवाफेच्या पेरणीसाठी तुम्ही नांगर जुंपलात. उंच बैलांना जू लांब, जू लांब म्हणून वळायला जागा जास्त, आणि पहिल्याच वाफ्याच्या टोकाला जू फणसाच्या बुंध्यावर आदळलं. पुन्हा वळवलंत, पुन्हा आदळलं. वाडीतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही, पण तुम्हाला चिकोडीचंच हसू ऐकू आलं असणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुऱ्हाड घेतलीत. वैशाखाचे दिवस, फणस लगडलेले, अजून कच्चे. आई आडवी आली नाही. ती समोर उभी राहून बघत होती आणि तुम्ही तिच्या देखत एकामागून एक तीन फणस पाडलेत. तिसरा पडला तेव्हा ती म्हणाली, "बैलाला वाट केलीसा. आता आखाडात आठळ्याबी बैलालाच मागा." तुम्ही तिच्यावर ओरडलात, "गप ऱ्हा गं! बायकांस्नी काय कळतंय जनावरातलं?" तिला कळत होतं. त्या चार एकरांत तिच्याएवढं कुणालाच कळत नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण आपल्या घरात ते कधी बोललं गेलं नाही. आमच्याकडचा पाऊस तुमच्या खिलाऱ्यांना कुठला ठाऊक! त्यांना कडबा हवा, इथे ओलं गवत आणि भाताचा पेंढा. त्यांना कोरडी जमीन हवी, इथे गोठ्यातसुद्धा पाझर. मिरग सरतो न सरतो तोच दोघांना हगवण लागली, मग खूर कुजले. चिखलणीच्या ऐन दिवसांत एक बैल उतरणीवर घसरून खाली ओढ्यात गेला तो उठलाच नाही. दुसरा उभ्या जागी खंगत गेला. तुम्ही त्याच्या खुरांना तेल लावत बसायचात. मी तुम्हाला रडताना बघितलं, आणि मला दया आली नाही. आजही येत नाही. त्या वेळी आई गुडघाभर चिखलात होती.

म्हाताऱ्याची काळी जोडी अजून त्याच्याच गोठ्यात होती. चार दिवस उसनी मागितली असती तर वाडीच्या रीतीने त्याला नाही म्हणता आलं नसतं. पण तुमचा भोवरा सगळ्या वाड्यांतून फिरून आला होता. "घरधनीण खाणारा बैल" म्हणून ती जोडी कुणी घेईना, आणि हे कुणाच्या तोंडून निघालं ते म्हाताऱ्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? आईने विचारलं, "खरंच हुता काय ओ भोवरा?" तुम्ही म्हणालात, "व्हता." मी दाराआड होतो. मी तेव्हा बाहेर येऊन बोललो असतो तर ती स्वतः गेली असती, पाया पडली असती आणि बैल घेऊन आली असती. मी बोललो नाही. तुमची भीती वाटत होती.

मग आईने कुदळ घेतली. अख्खं भातखाचर तिने कुदळीने चिखललं, पंधरा-सोळा दिवस, अंगावर घोंगडी आणि त्यावर कोसळणारा पाऊस. मी तिच्या मागे होतो, पण माझ्या हातून किती होणार! तुम्ही पहिले दोन दिवस आलात, तिसऱ्या दिवशी ताप भरला म्हणून पडून राहिलात. खरा ताप होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. आखाडात आठळ्या नव्हत्या. आईच्या उजव्या हाताची तीन बोटं त्या पावसाळ्यात जी वाकली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. ती आजही भाकरी थापते ती तळहाताने. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगते, "वात हाय." तुमचं नाव तिने कधी घेतलं नाही, तुम्ही गेल्यावरसुद्धा नाही. मला तिचा हाच राग येतो.

तुम्ही त्यानंतर पाच वर्षं जगलात आणि त्या पाच वर्षांत एकदाही "चुकलं" म्हणाला नाहीत. तो शब्द बोलायला किती वेळ लागतो? शाळेत मी पोरांना तो रोज म्हणायला लावतो.

आता आई साठीच्या पुढे आहे. गडीमाणूस मिळत नाही. जो तो लोंढ्याला नाहीतर गोव्यात कामाला जातो. जमीन पडीक ठेवायला ती तयार नाही आणि बेळगावात माझ्याकडे यायलाही नाही. बैल सांभाळणं तिच्याच्याने होत नाही. म्हणून हा ट्रॅक्टर. सुट्टीच्या दिवसांत मी स्वतः चालवीन. गेल्या रविवारी मी आधी बंगल्यावर घेतलेली गाठींची सुतळी घेऊन गावी गेलो... नाही, वर सुरुवातीला चुकीचं लिहिलं. ट्रॅक्टर मी आज दुसऱ्यांदा बघितला. गाठी मारल्या त्या पंधरवड्यापूर्वी, आणि आज होकार देऊन आलो. असो. रविवारी मी ती सुतळी प्रत्येक दोन झाडांमध्ये ताणून बघितली. चारही एकरांत. तुम्ही जे अर्ध्या दिवसात करू शकला असतात ते मी केलं, आणि प्रत्येक ठिकाणी सुतळी पुरली की मनातल्या मनात तुम्हाला म्हणायचो, बघा आप्पा, असं असतं.

एक जागा सोडून. विहिरीकडे वळताना एक फणस आडवा येतो. तो तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्याच्या वर्षी आईने तिथे आठळी लावली होती, आता त्याला वर्षाला वीस-पंचवीस फणस लागतात. तिथून वळता आलं नाही तर खालचे दोन्ही वाफे हातचे जातात. मी तीनदा सुतळी लावली. हातभर कमी पडते.

आई ओटीवर बसून हे बघत होती. तिने ट्रॅक्टरचं विचारलं नाही, सुतळी कशाची ते विचारलं नाही. मी जवळ आलो तशी म्हणाली, "कंचं झाड जाणार रं?"

मी म्हणालो, "कुठलंच न्हाय गं आई. असंच मापालोय."

ती म्हणाली, "बरं." आणि वाकडी बोटं पदरात घेतली.

परत येताना जांबोटीत थांबून मी लाकूडतोड्याला सांगून आलो. गुरुवारी ये, म्हटलं, म्हातारी बाजाराला गेलेली असते. आज बुधवार आहे. सकाळच्या मोटारीने निघालो तर तो कुऱ्हाड घालायच्या आत मी पोचतो, आईला खरं सांगता येतं, आणि कदाचित तीच एखादी दुसरी वाट दाखवील, कारण त्या जमिनीतलं तिला जितकं कळतं तितकं माझ्या सुतळीला कळत नाही. तसं करावं म्हणूनच मी हे लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता एवढंच दिसलं की तुम्ही निदान तिच्या समोर उभं राहून कुऱ्हाड धरली होतीत. मी ती बाजाराला जायची वाट बघितली आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. शाळेत उद्याची रजा मी मागितलेली नाही.