पडद्यावरची सगळी नावं

आदरणीय आपेलूदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा पेनियामिना याचा वाकून नमस्कार. तुम्ही, वहिनी, तुमची डुकरं आणि डोंगरावरचा तारोच्या कंदांचा मळा, सगळी मंडळी खुशाल असावीत. माझा खोकला आहे तसाच आहे. (डॉक्टर म्हणतो काळजी नको, पण तो वयाने फारच लहान आहे.)

तर राजधानीहून ती भिंतीवाली समिती येऊन गेली. गावं तीन आणि समुद्राला अडवणारी भिंत एकच, म्हणून प्रत्येक गावाने दहा मिनिटांत पडद्यावर चित्रं दाखवून आपली अडचण मांडायची होती. गावसभेचं लिहिणं माझ्याकडे (चौथीपर्यंत टिकलेला मी एकटाच, बाकीचे तिसरीतच पळाले), त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात पडलं. मदतीला माझी नात एलिसापेता, शाळेत शिकवते ती. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, “आजोबा, एका स्लाइडवर एकच गोष्ट. अक्षर इतकं मोठं की मागच्या चटईवरच्या म्हातारीलाही दिसावं. आणि किनाऱ्यावरच्या कबरींचा फोटो सगळ्यात आधी, त्यावर एक शब्दही नको.”

आता तुम्हीच सांगा दादा, मताईंच्या, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांच्या पदव्यांची नावं मानाच्या क्रमाने घेतल्याशिवाय आपल्यात कुणी पाणी तरी मागतं का? कबरी आधी आणि मताई नंतर, हे कोणत्या तोंडाने दाखवू? मी नावं आधी घातली. एक राहिलं तर दंडाचं डुक्कर मलाच द्यावं लागणार, या धास्तीने अक्षर बारीक करत गेलो, तेव्हा कुठे एका स्लाइडवर चौदा मावली. एलिसापेता म्हणाली निम्मी काढा, तर म्हातारा लाफी तिच्यावर उखडला, “पोरी, तुझ्या पडद्यावर जागा नाही म्हणून माझा खापरपणजोबा बाहेर उन्हात उभा राहील का?” मग प्रत्येक घराण्याला वेगळा रंग हवा झाला (पिवळ्यावर पांढरी अक्षरं लाफीच्याच हट्टाने), आणि प्रत्येक पदवी उजवीकडून उडत यायला हवी झाली. संध्याकाळी वटवाघळं झाडावर उतरतात ना, तशी ती एकेक येऊन बसायची. बसेपर्यंत बोलता येत नव्हतं.

नवव्या मिनिटाला समितीच्या बाईंनी हळूच विचारलं, “नावं संपली का, आजोबा?” मी म्हटलं, “समुद्राकडची संपली बाई, डोंगराकडची राहिलीत.” तेवढ्यात घंटा वाजली. फोटो पंधराव्या स्लाइडवर होता.

आपले लोक मात्र खूश. एकही नाव राहिलं नाही, कुणाला दंड नाही. लाफीने पाठ थोपटली, “वा पेनी, माझं नाव तर दोनदा उडालं!” पुढच्या गावाने चार फोटो दाखवले, कुणाचं नाव नाही, गाव नाही. चार मिनिटांत खाली बसले. त्यांच्यासाठी आम्हीच लाजेने माना खाली घातल्या. एलिसापेता तेवढी खाली बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

वहिनींना नमस्कार. पावसाचं तिकडे काय?

आपला,
पेनियामिना

ता. क. भिंत त्या गावाला मिळाली.

ता. क. मागच्या भरतीत लाफीच्या आईची कबर गेली. तो हल्ली किनाऱ्याकडे पाठ करून बसतो आणि पदव्यांविषयी काही बोलत नाही.

ता. क. माझ्या फेताईच्या कबरीखालची वाळूही गेली आहे. सिमेंट अर्धं अधांतरी आहे; मी दगड लावतो, समुद्र काढतो. दादा, तुमच्या दारापुढे तुमच्या बहिणीला जागा द्याल का? पुढची मोठी भरती पौर्णिमेला आहे, त्याआधी तिला वर आणावं लागेल, आणि मला एकट्याला ते जमणार नाही. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. नमस्काराशिवाय कसं लिहू, म्हणून राहिलं.

फोटो सोबत ठेवला आहे. त्यावर मी काहीच लिहिलेलं नाही.