पालथा पंजा

९ ऑगस्ट
गळतंय! ओरिंगमावशीचं छप्पर घालून अकरा दिवस झाले नाहीत तोच गळतंय. ताताय, माझे वडील, अंथरुणाला खिळल्यापासूनचं माझं पहिलं छप्पर. मावशी दारातच म्हणाली, "लुमेन, तुझ्या बापाचं एकोणीस वर्षं टिकलं. तुझं एकोणीस दिवससुद्धा नाही गं." खाली मान घालून परत आले.

१० ऑगस्ट
सगळं पुन्हा तपासलं. बांबू चंद्र उतरताना तोडलेला, त्याला कीड नाही. वेत दोन दिवस भिजवलेला. पट्ट्या माझ्याच हातच्या — निपा माडाची पानं कांबीवर दुमडून, दाट टाके घालून. दोन पट्ट्यांत अंतर चार बोटं. खालून बांधायला बेर्तो होता. नवरा माझा तीनचाकी चालवणारा, पण गाठी पक्क्या मारल्यात. मग चुकलं कुठे?

तातायना विचारलं. वाचा गेल्यापासून त्यांचा डावा हातच काय तो बोलतो. पंजा उचलला आणि पालथा केला. परत उताणा, परत पालथा. मला वाटलं, पेज नको. वाडगं उचललं तर चिडले.

११ ऑगस्ट
एका कोपऱ्यात अंतर तीन बोटांवर आणलं. तरी गळलं. डोकं चालेनासं झालंय.

१३ ऑगस्ट
मावशी म्हणाली, "शनिवारी पत्रे येतायत. लेक बाळंत व्हायला आलीय, ओल्यात ठेवू का तिला? पत्र्याखाली भाजू आम्ही, पण भिजणार तरी नाही." तिचं काय चुकलं? पण हे छप्पर उतरलं की मला दुसरं कोण देणार? बाईमाणूस छपरावर चढली म्हणून आधीच तोंडं वाकडी.

तातायनी परत तोच पंजा पालथा केला. म्हणजे संपलं सगळं, असंच ना? मी ओरडले, "माहितीये, नालायक आहे मी!" त्यांचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं.

बावीस वर्षं ते वर, मी खाली. ते पट्टी ठेवायचे, मी खालून वेत ओढून बांधायचे, डोळ्यांत कचरा घेत. एवढं करून पालथ्या घड्यावर पाणी.

१४ ऑगस्ट
बेर्तो म्हणतो, "पत्रे ठोकायला शीक आता." मी उठून वेत भिजत घातला.

१५ ऑगस्ट
मावशीकडे जमिनीवर उताणी पडून वर पाहिलं. सलग, गुळगुळीत पान दिसलं. बावीस वर्षं खालून मला दिसली ती दुमडलेली आखूड टोकं. पट्टीची तीच बाजू आपल्याकडे असते असं समजून मी वर चढल्यावरही ती माझ्याकडे, म्हणजे आभाळाकडे, ठेवत गेले. पाणी सरळ टाक्यांत.

पट्ट्या पालथ्या घालायला वेळ मिळावा म्हणून मावशीनं पत्रे सोमवारवर ढकलले.

घरी येऊन तातायसमोर माझा पंजा पालथा केला. त्यांनी तो धरला, सोडलाच नाही.