टपालाचा खण

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जागा मिळाली एकदाची! विम्याचं काम करणाऱ्या एका काकांच्या ऑफिसातली अर्धी खोली पोटभाड्याने घेतली. खिडकीपाशी माझं कवळ्यांचं काम आणि बाबांच्या मागे राहिलेलं त्यांचं घासायचं यंत्र, पलीकडे काकांचं टेबल. चाळीस जणांचे दात फळीवर मांडलेत, मलाच चावू नयेत म्हणजे झालं. काका फारसे नसतात, म्हणून त्यांचं रजिस्टर टपाल मी सही करून घेते आणि त्यांच्या खणात ठेवते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
छोटी

ता. ११ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

वाचून बरं वाटलं. पण पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी परवानगी आहे का? काकांचा मूळ करार कधी संपतो? तू विचारलंच नसशील. बाबांसारखीच तू, समोरचा गोड बोलला की तुझं भागलं. आणि ते टपाल कोणाकडून येतं?

लोभ आहे, पण उत्तर लवकर हवं.

दादा

ता. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

करार अजून दोन वर्षं आहे आणि परवानगीचा कागद घरी आहे, असं काका म्हणाले. उलट माझी जागा वाढलीच. त्यांनी आधी कपाट नेलं, मग घड्याळ, परवा दारावरची पाटी. काल दोन माणसं येऊन खोली मोजून गेली. माझं टेबल आड आलं ते मला न विचारताच सरकवलं. जरा विचित्रच वाटलं.

पाकिटं मालकाकडूनच येतात, आतापर्यंत पाच झाली. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही हे बाबांनी कान पिळून शिकवलंय, तेव्हा ते मात्र सांगू नकोस.

रागावलास तरी माया असू दे.

छोटी

ता. २४ मार्च

चि. छोटीस,

हे पत्र मिळताच पाकिटं फोड, पाप माझ्या माथी. त्याआधी बाबांचं यंत्र घरी ने. मला धास्ती वाटते आहे.

दादा

ता. २८ मार्च

ती. दादास,

तुझं पत्र सकाळी घरी आलं तशी धावत गेले. दाराला नवं कुलूप होतं. मालकाच्या माणसाने पोचपावत्या दाखवल्या. जागा सोडण्याच्या पाच नोटिसा, पाचही मीच घेतलेल्या. मला काहीच माहीत नव्हतं म्हटलं, तर त्याने नुसतं माझ्या सहीवर बोट ठेवलं. माझं नाव कुठल्याच कागदावर नाही, म्हणून आतलं सगळं सामान काकांचं धरलंय, बाबांचं यंत्रसुद्धा. काकांचा फोन बंद आहे.

एका आजींना आज कवळी द्यायची होती. त्या इथेच जिन्यावर माझ्याशेजारी बसल्या आहेत. बोळक्या तोंडाने हसत दोनदा विचारून झालं, तयार आहे का म्हणून.

दादा, तू ये.

छोटी