अक्षर माझेच आहे

३ जानेवारी, सकाळी ६
नवी डायरी सुरू. औषधाच्या दुकानातून मिळालेली. सलग सातव्या वर्षी अगदी तशीच.
संकल्प: यंदा बी.ए. पूर्ण. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तके झाडण्यात-मांडण्यात सव्वीस वर्षे गेली. सगळे कॉलेज मला मामा म्हणते. आता सहायक ग्रंथपालाची जागा निघाली आहे. पदवी हवी आणि वय पन्नासच्या आत. जूनमध्ये मी पन्नास. म्हणजे ही शेवटचीच संधी. पेपर सगळे सुटले, एक निबंध राहिला. दोन हजार शब्द, स्वतःचे. त्यात अवघड काय?
आज सुचलेला विचार: मन शांत असले की अक्षर सरळ येते. असे विचार मला सहज सुचतात.

५ जानेवारी
निबंध तपासणाऱ्या बाईंनी विषय दिला: विद्यार्थ्यांच्या लेखनातील प्रामाणिकपणा. माझ्यासाठीच काढल्यासारखा. म्हणाल्या, मामा, कुठून घेतलंत ते तळटिपेत सांगा, बाकी तुमच्या शब्दांत.
घरी सांगितले. बायको म्हणाली, बघा हं, बाईंनाच मामा बनवू नका.

१२ जानेवारी
एक ओळ झाली. 'प्रामाणिकपणा हा फार महत्त्वाचा गुण आहे.' पुढे सुचेना. घरात आवाज फार. बायको म्हणते, आवाज आहे तो तुमच्या घोरण्याचा.

१९ जानेवारी
'फार' खोडून 'अत्यंत' केले. काम पुढे सरकते आहे.
बायको चष्मा करा म्हणते. डोळे शाबूत आहेत. हल्ली छपाईच बारीक करतात.

२ फेब्रुवारी, दुपारी
सकाळी देवाला सांगितले होते, शब्द दे. आणि मागचे कपाट झाडताना जुन्या निबंधस्पर्धेचे पुस्तक खाली पडले. नेमके याच विषयावर उघडलेले! मी उघडलेले नाही, हे नोंदवून ठेवतो.
फक्त वाचणार आहे.

३ फेब्रुवारी
वाचलेले लक्षात राहत नाही. म्हणून थोडे उतरवून घेतो. गावच्या शाळेत गुरुजी रोज दहा ओळी बघून लिहायला लावत. त्याला शुद्धलेखन म्हणत. शुद्ध! सुंदर अक्षराबद्दल गुरुजींनी माझी पाठ थोपटली होती. तेव्हा जे शुद्ध होते ते आता चोरी कसे होईल?

७ फेब्रुवारी
सगळे उतरवून झाले. पानांच्या तळाशी धुळीसारखे काहीतरी बारीक बारीक होते. ते सोडले.

९ फेब्रुवारी
मुलगी याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. निबंध तीच टाइप करणार. म्हणाली, बाबा, उतरवलेलं शोधणारं कॉलेजचं मशीन आता जुन्या पुस्तकांतलंही पकडतं. मला माहीत आहे. गेल्या वर्षी ती पुस्तके स्कॅनरवर धरणारा मीच.
मग तिने विचारले, शब्द तुमचेच आहेत ना? म्हणालो, अक्षर माझेच आहे.
पर्यायी शब्दांचा कोश घरी आणला.

१४ फेब्रुवारी
'पान क्रमांक बारा'चे 'पर्ण क्रमांक बारा' केले. 'हात झटकणे'चे 'कर झटकणे'. 'उतारा जसाच्या तसा घेऊ नये' याचे 'औषध जसेच्या तसे घेऊ नये'. अर्थ तोच, भाषा माझी.
मुलगी टाइप करता करता दोनदा पाणी प्यायला उठली. खांदे हलत होते. भारावली असेल.

२० फेब्रुवारी
निबंध दिला. बायकोला म्हटले, आता सहायक ग्रंथपालांची बायको म्हणून वावर. म्हणाली, साहेब, आधी लायब्ररीत विसरलेला डबा आणा.

२७ फेब्रुवारी, दुपारी ३
बाईंनी बोलावले. म्हणाल्या, मशीन एकसष्ट टक्के दाखवतंय. मी म्हणालो, म्हणजे फर्स्ट क्लास. त्यांनी सहावे पान पुढे केले. त्यात लिहिले होते, 'विवाहानंतर मी माहेरी अध्ययनास बसले.' विचारले, मामा, तुमचं माहेर कुठलं?
घाबरून मी बायकोच्या माहेरचा पत्ता सांगितला.
शब्द सगळे बदलले होते. पण माहेरला कोशात पर्याय नव्हता, आणि मूळ निबंध लिहिणारी बसली ती बसलीच.
बाई म्हणाल्या, वर कळवलं तर पदवी गेली आणि जागाही गेली. आठ दिवस देते. दोन पानं लिहून आणा, का उतरवलंत ते. कोश लायब्ररीत ठेवा.

२८ फेब्रुवारी
मुलीला सांगितले. वाटले, हसेल. म्हणाली, मला टाइप करतानाच कळलं होतं, बाबा. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते.
डबा न घेताच कामाला गेलो.

२ मार्च
बायकोचा चष्मा लावून ते पुस्तक पुन्हा काढले. तळाशी धूळ नव्हती, तळटिपा होत्या. कोणाचे काय घेतले ते निबंध लिहिणाऱ्या त्या मुलीने छत्तीस ठिकाणी लिहून ठेवले होते. म्हणजे मी तिचे सगळे घेतले, फक्त प्रामाणिकपणा तेवढा सोडला.
देवाला सांगितले. त्याला आधीच माहीत असावे.

४ मार्च
दोन पाने झाली. गुरुजी, शुद्धलेखन, माहेर, सगळे लिहिले. पुस्तक पडले होते हे खरे, उघडले मी. शेवट माझ्याच विचाराने केला: मन शांत असले की अक्षर सरळ येते. खाली तळटीपही दिली: स्वतःची डायरी, ३ जानेवारी.

६ मार्च, संध्याकाळी
बाईंनी वाचले. दोनदा हसल्या. म्हणाल्या, हे तुमचं आहे, मामा, मी पास करते. पेन उघडले आणि थांबल्या. शेवटची ओळ कुठेतरी वाचल्यासारखी वाटते म्हणाल्या. मी छातीवर हात ठेवून सांगितले, ती तर शंभर टक्के माझी. म्हणाल्या, घरी जाऊन एकदा बघा, सही उद्या करते.
घरी आलो. चष्मा लावून ३ जानेवारीचे पान काढले. तळाशी, दुकानाच्या नावाखाली, तीच ओळ छापलेली. ४ जानेवारीलाही. आजच्या पानावरही. सात वर्षे, रोज.
उद्या सकाळी बाईंकडे जाऊन तळटीप दुरुस्त करायची. स्रोत: औषधाचे दुकान. अक्षर माझे.