मैनाचे तेरा खोडलेले कागद

सख्या, चष्मा कपाळावर आहे. खाली ओढ आणि वाच.

मी कोंडी नागू भोईर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पळसदरी, तालुका कर्जत, अंगणवाडीच्या संजनाकडून हे लिहून घेते. मला अक्षर येत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी माझा अंगठा धरून दाबलेला नाही.

१. ओढ्याकडचं शेत माझा मुलगा सखा याला. कसतो तोच.

२. रस्त्याकडची खोली माझ्या लेकीची मुलगी मैना हिला. सख्याचा मुलगा नीलेश ती शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची म्हणतो. त्याला उंबराही मिळणार नाही. कारण सांगते.

नीलेश खालापूरला राहतो, कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मैना त्याच्याच वर्गात. तिने निबंधात अर्धविराम, तो टिंबाखाली शेपटीवाला, जिथे हवा तिथेच घातला. हा भर वर्गात म्हणाला, "हे तुझं नाही, मोबाइलने लिहिलंय. आपल्या गावात अर्धविराम कुणाला येतो?" आणि शून्य दिलं. आपल्या गावात! मैना म्हणते, "आजी, जूनपासून मी नाय जायची."

पोरगी लिहीत होती तेव्हा मी समोर केरसुणी बांधत होते. मोठ्याने म्हणायची, "दोन्हीकडं पुरतं वाक्य हवं, मधे 'अँड' नको. 'बिकॉज'चं अर्धंच वाक्य असंल तर हा नाय चालत."

"म्हणजे दोन जावा गं," मी म्हटलं, "चुली वेगळ्या, भिंत एक."

हसली, आणि पुन्हा खोडलं.

३. जाऊ चिंधीने नेलेला माझा पाटा तीस वर्षांत परत आला नाही. आणा, मैनाला द्या.

४. ते खोडलेले तेरा कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. मला वाचता येत नाही, पण काट दिसते. नक्कल करणारा कशाला खोडेल? माझ्या इस्टेटीतून नीलेशला हे तेरा कागद, बाकी काही नाही. त्याच वर्गात उभं राहून, "चूक माझी" म्हणून, तिचे मार्क देऊन मग घ्यायचे. घरात कोपऱ्यात पुटपुटलेलं चालणार नाही. इथे शिवी होती. संजना लिहीत नाही.

सख्या, मी मरायची वाट बघू नको. हे आजच त्याला वाचून दाखव. जून लांब नाही.

निशाणी डावा अंगठा: कोंडी नागू भोईर
साक्षीदार: गजा ठोंबरे, कुंभिवली, माधवी ठोंबरे, कुंभिवली
पळसदरी, ११ मे २०२५

वर्गात कबूल करील त्या दिवशी खालापूरला वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवा. तोवर माझ्या चुलीवरचं काही पाठवू नका, माझ्या बाराव्याचंसुद्धा.